घरी घडविलेली हत्यारे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची भाषणे होतात. शिक्षण, लग्नकार्यातील अनाठायी खर्च, होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य, अशा विषयांवर आपण येथे पुष्कळ ऐकले आहे. त्याच जागी कोणी स्कूटरच्या गिअरपेटीवर बोलावयास उभा राहील, हे आपल्या चिटणीसांसही प्रथम पटले नाही. ‘विषय जरा व्यापक घ्यावा’ असे त्यांनी सुचविले. आम्ही त्यांस एवढेच म्हटले की, आमचा सारा जन्म कारकुनीत गेला, व्यापक विषयांवरील कागद आम्ही खंडीभर हातावेगळे केले. आता एका लहान विषयावर बोलू द्यावे. त्यांनी उदार मनाने अनुमती दिली, याबद्दल त्यांचे आभार मानून आरंभ करतो.

समोरच्या मेजावर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आपणांस दिसत असेल. त्यातून काढून ओळीने मांडलेल्या या वस्तू आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, घडविलेल्या आहेत. अण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. घरी आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ते परसातल्या पडवीत आप्तेष्टांच्या स्कूटरी खोलीत असत. स्मरणिकेतून हे भाषण वाचणाऱ्यांस मेजावरच्या वस्तू दिसणार नाहीत. म्हणून वर्णनात थोडा पाल्हाळ झाला तर सभागृहातील मंडळींनी क्षमा करावी.

ज्या स्कूटरविषयी बोलावयाचे ती आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एकेकाळी उभी होती. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ काढली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो हे मूळचे विमानविद्येतले अभियंते होते. चालविणाऱ्याच्या कपड्यांस तेल लागू नये, साखळीची कटकट नसावी, गिअर हाताने बदलता यावा, असा त्यांचा विचार. पुढे पियाजिओच्या परवान्याने बजाज कंपनी आपल्याकडे हीच गाडी बनवू लागली, आणि १९७१ साली तो करार संपल्यावर पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ‘चेतक’ या राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावाने ती बाहेर पडू लागली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आपल्यातील साठी उलटलेल्यांस सांगावयास नको. मुलीच्या लग्नाआधी स्कूटरचा नंबर लागेल की नाही, याची चिंता करणारे पिते आम्ही पाहिले आहेत. २००९ साली बजाजने स्कूटरी बनविणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, आणि २०२० पासून चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीस मिळाले आहे. तीत गिअर बदलणे नाही, क्लच नाही, आणि आज आम्ही सांगणार आहोत त्यातले काहीच नाही.

जुन्या गाडीची गोष्ट निराळी. तिचे मागचे चाक ज्या दांड्यावर बसते, तोच गिअरपेटीचा मुख्य दांडा होय. मध्ये साखळी नाही, पट्टा नाही. या दांड्यावर चार गिअर मोकळे फिरत असतात, आणि त्यांच्या समोर एकाच लोखंडी तुकड्यात कातलेली लहानमोठ्या दातांची दुसरी चळत असते. तिला आपल्याकडचे कारागीर ‘क्लस्टर’ म्हणतात. तिच्याशी हे चारही गिअर सदैव जुळलेले असतात. मग एका वेळी एकच गिअर कामाला कसा लागतो? तर मुख्य दांडा आतून पोकळ असून त्यास उभ्या चिरा आहेत. त्या पोकळीत चार हातांचा एक लहानसा तुकडा मागेपुढे सरकतो. त्यास ‘क्रॉस’ म्हणतात. त्याचे चार हात चिरांतून बाहेर डोकावतात आणि ज्या गिअरच्या पोटातील खाचांत जाऊन बसतात तेवढाच गिअर दांड्याशी बांधला जातो. आपण हँडलवर मूठ पिरगाळतो, केबल ओढली जाते आणि क्रॉस एक घर पुढे किंवा मागे सरकतो. सारी करामत एवढीच. हा क्रॉस तळहातावर मावतो. परंतु त्याच्या हातांच्या कडा झिजून गोल झाल्या की गिअर टिकत नाही, निसटतो. आणि तो बदलावयाचा म्हणजे सबंध इंजिन खाली उतरवून त्याची दोन शकले करावी लागतात.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून या डब्याचा अर्थ कळावयाचा नाही.

१९८४ सालची गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान पन्हाळ्याच्या बाजूस एका गावी शिक्षक होते. त्यांच्या चेतकचा दुसरा गिअर निसटू लागला. चढावर अक्का मागे बसलेली असली की नेमका गिअर सुटे, इंजिन एकदम ओरडू लागे आणि गाडी मागे येऊ पाही. भाऊजी गाडी घेऊन आमच्याकडे आले. अण्णांना त्या आठवड्यात कारखान्यात जादा काम होते. ‘रविवारपर्यंत थांबा’ असे ते म्हणाले. आम्ही थांबलो नाही. अण्णांच्या हाताखाली दोन-चार इंजिने उघडताना पाहिली होती, आणि पाहण्याने येते असा आमचा समज होता.

इंजिन उतरविले. क्लचचे झाकण काढले. आत क्लच एका नटाने आवळलेला असतो. त्या नटाच्या डोक्यास किल्ल्याच्या तटबंदीसारखे दात असतात, म्हणून त्यास कॅसल नट म्हणतात. तो एका खोलगट जागी दडलेला असल्याने साधा पाना तेथे पोचत नाही. पोचला तरी धरत नाही. त्यासाठी कंपनीचे वेगळे हत्यार होते, ते आमच्याजवळ नव्हते. आम्ही छिन्नी आणि हातोडी घेतली. दातावर छिन्नी टेकवून ठोकत गेले की नट फिरतो, हे खरे आहे. कित्येक दुकानांतून आजही तसेच करतात. आमचाही फिरला. क्रॉस बदलला, सर्व जोडले, तोच नट तसाच ठोकून पुन्हा बसविला. भाऊजींनी गाडी नेली, आणि आम्हास आपल्या हुशारीचा मोठा अभिमान वाटला.

आठव्या दिवशी वाघबीळच्या अलीकडे गिअरपेटी अडकली. चाक आणि गिअरपेटी यांत काहीच नसते, हे मघाशी सांगितले. त्यामुळे गिअर अडकले की चाक जागच्या जागी थांबते. क्लच दाबून काही उपयोग नसतो. दोघेही रस्त्यावर पडली. भाऊजींचे गुडघे फुटले. अक्काचे डावे मनगट मोडले.

अण्णांनी इंजिन उघडले. तेल एका परातीत काढून त्यातून लोहचुंबक फिरविले, तेव्हा गव्हाच्या दाण्याएवढा एक लोखंडाचा कपचा त्यास चिकटून आला. क्लच ज्या तेलात बुडालेला असतो तेच तेल गिअरांत खेळते. एकाचा कचरा दुसऱ्याच्या दातांत जावयास वेळ लागत नाही. क्लस्टरचे दोन दात उडाले होते, घराला तडा गेला होता. अण्णांनी तो कपचा उचलून नटाच्या एका तुटक्या दातावर ठेवला. बरोबर बसला. आमच्याकडे पाहून ते म्हणाले, “पाना नव्हता तर थांबायचं होतंस की.”

नवे घर आणि नवा क्लस्टर मिळेपर्यंत भाऊजी तीन महिने एस. टी.ने शाळेत गेले. त्यांनी आम्हास कधी बोल लावला नाही. अक्काचे मनगट जुळले, पण थंडीत भाकरी थापताना अजून दुखते, आणि ती थापताना आम्ही समोर असलो तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. तो कपचा अण्णांनी एका काजळाच्या डबीत घालून ठेवला. मेजावर अगदी डावीकडे ती डबी आहे.

त्यानंतर अण्णांनी पहिले हत्यार घडविले ते या नटाचे. नटाचे माप कसे घ्यावे? खोलगट जागा, फूटपट्टी शिरत नाही. अण्णांनी वहिनींकडून घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा मागून घेतला, नटावर दाबला आणि ठसा उमटवून तो उन्हात वाळविला. त्यावरून दातांची रुंदी आणि अंतर घेतले. मग बाजारातून एक जुना, बाद झालेला सॉकेट पाना आणला. सॉकेटचे पोलाद कठीण असते, कानस त्यावर घसरते. म्हणून तो भट्टीत लाल करून राखेत पुरला आणि रात्रभर हळूहळू निवू दिला. सकाळी तो मऊ झालेला असतो. कानशीने त्यास दात पाडले, ठशात आणि नटावर पुन्हापुन्हा बसवून पाहिले. शेवटी पुन्हा तापवून लाल झाल्यावर तेलात बुडविला, एक बाजू घासून चकचकीत केली आणि मंद आचेवर धरला. त्या चकचकीत जागी वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढताच उचलला. हा रंग ओळखता आला पाहिजे. रंग चढू न देता तसाच वापरला तर दात काचेसारखे तडकतात. निळा होईपर्यंत ठेवला तर वाकतात. येथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या घरी ऐरण आणि भाता होता. त्यांस आम्ही हे सांगणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा होईल. पण त्यांच्या नातवंडांस सांगावयास हवे.

नट सोडविताना क्लच फिरू नये, यासाठी दुसरे हत्यार. कित्येक जण दोन गिअरांच्या दातांत तांब्याचे नाणे अडकवितात किंवा चिंधी कोंबतात. नाण्याने एखादे वेळी दात जातो. चिंधीचा धागा आत राहतो. अण्णांची ही लोखंडी पट्टी पाहा. एक टोक क्लचच्या घराच्या खाचेत बसते, दुसऱ्या टोकास भोक आहे, त्यातून झाकणाचाच एक बोल्ट लावावयाचा. इंजिन स्वतःच स्वतःला धरून ठेवते. पट्टी करावयास अर्धा तास पुरतो. पण ती सुचावयास आम्हास एक मनगट मोडावे लागले.

क्लच उघडताना आतील स्प्रिंगा दाबून धराव्या लागतात, नाहीतर प्लेटा धरून ठेवणारी तारेची कडी निघत नाही. हा करंगळीएवढा लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि एक नट, एवढेच ते तिसरे हत्यार. मधून बोल्ट घालावा, नट आवळीत जावे, स्प्रिंगा खाली बसतात. यात सांगण्यासारखे काही नाही. परंतु ज्यांनी दोन माणसांकरवी पेचकसांनी दाबून ही कडी काढण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांनी हा बोल्ट हातात घेऊन पाहावा.

खरी नाजूक वस्तू म्हणजे ही दांडी. क्लस्टरच्या पोटात सुईसारखे बारीक रोलर सुटे बसविलेले असतात. ते एकमेकांशेजारी गोल उभे राहतात आणि मधून दांडा जातो. दांडा काढला की सारे ओघळतात. काढताना ते मोजून ठेवावे; पुन्हा भरताना एक जरी कमी भरला तरी बाकीचे तिरपे होतात. ग्रीस लावून ते चिकटवून उभे करता येतात, पण खरा दांडा आत सारताना त्याच्या कडेने एखादा तरी पडतोच, आणि पडल्याचे कळत नाही. म्हणून अण्णांनी क्लस्टरच्याच लांबीची, दांड्याच्या जाडीची एक खोटी दांडी केली. रोलर तिच्याभोवती भरावयाचे, क्लस्टर जागी ठेवावयाचा आणि बाहेरून खरा दांडा सारावयाचा. खरा आत येत जातो तसतशी खोटी दुसऱ्या अंगाने बाहेर निघते. रोलरांस कळतही नाही की मधला दांडा बदलला.

पहिली खोटी दांडी पेरूच्या लाकडाची होती. ती उन्हाळ्यात उत्तम चालली. पावसाळ्यात लाकूड फुगले, दांडी अडकली आणि ओढताना निम्मे रोलर घेऊन बाहेर आली. अण्णांनी ती चुलीत घातली आणि लेथवर पितळेची कातली. मेजावर आहे ती पितळेची. तिच्या एका टोकास किंचित निमुळतेपणा दिला आहे, तो डोळ्यांस दिसत नाही, बोटास लागतो.

ही शेव्हिंगची पाती पाहून काहींस हसू आले असेल. मुख्य दांड्यावर गिअर बसविल्यावर त्यांस थोडी मोकळीक लागते. अगदी आवळून चालत नाही, फार सैल चालत नाही. ही मोकळीक ०.१५ ते ०.४० मिलिमीटर असावी, आणि ती निरनिराळ्या जाडीच्या वॉशरने साधावयाची. मोजण्यास फीलर गेज हवे. पण आपल्या नेहमीच्या दुधारी पात्याची जाडी ०.१ मिलिमीटर असते. दोन पाती एकत्र जावीत, पाच जाऊ नयेत. धार मात्र आधी दगडावर मोडून घ्यावी. पुढे अण्णांनी खरे गेज विकत घेतले आणि पात्यांशी ताडून पाहिले. पाती खोटी ठरली नाहीत. तरी त्यांनी काम गेजनेच केले. घरगुती म्हणून हट्टाने धरून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. सर्क्लिप काढावयाची पक्कड त्यांनी जुनी सांडशी घासून करून पाहिली. दोन सर्क्लिपा कौलांवर उडाल्यावर बाजारातून आणली. बेअरिंग ओढावयाचा पुलरही साध्या लोखंडाचा केला, त्याचे पंजे ताणाखाली उघडले, तोही टाकला. घरी काय करावे आणि विकत काय घ्यावे, याचा निवाडा ते एका कसोटीवर करीत. हत्यार फसले तर काय मोडेल? नुसते हत्यार मोडणार असेल तर घरी करावे. इंजिन किंवा डोळा जाणार असेल तर पैसे मोजावे.

या लाल रंगाच्या पान्याविषयी एक शब्द. क्रॉसला पुढेमागे ढकलणारी कांडी क्रॉसमध्ये आट्यांनी बसविलेली असते, आणि त्या आटे उलट्या आहेत. सोडविण्यासाठी नेहमीप्रमाणे डावीकडे फिरविली की ती अधिकच आवळते, आणि जोर करणाऱ्याच्या हातात मोडून येते. अण्णांनी या कामाचा पाना लाल रंगविला. घरातील कोणीही उचलला तरी थबकेल. अक्षर वाचण्याची गरज नाही.

इंजिनाची दोन शकले वेगळी करताना सांध्यात पेचकस घालू नये, हे सर्वांस ठाऊक असते आणि सर्वजण तेच करतात. सांध्याच्या तोंडावर एक ओरखडा पडला की तेथून तेल पाझरते. क्रँकच्या भागात पडला तर इंजिन बाहेरची हवा ओढून तापू लागते. अण्णा यासाठी कपडे धुण्याची लाकडी मोगरी वापरीत. घराच्या कडेकडेने हलके ठोके देत. ती वहिनींचीच मोगरी होती. नंतर धुण्यास दुसरी आली. इडलीपात्रही असेच पडवीत गेले: एका ताटलीस चार खळगे, गिअरही चार; काढले त्या क्रमाने ठेवावयाचे, त्यांचे वॉशर त्यांच्याच खळग्यात. घराचा अर्धा भाग गरम तव्यावर ठेवून, पाण्याचा थेंब चुरचुरला की बेअरिंग अलगद सोडावयाचे, तोही तवा घरचाच. वहिनी म्हणतात, आमच्या स्वयंपाकघरात नवे भांडे आले की ते आधी बेअरिंगाच्या मापाचे आहे का, हे पाहिले जाई.

लॅम्ब्रेटाचे थोडक्यात सांगतो, कारण तिची फार इंजिने आमच्या पडवीत आली नाहीत. ती आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने बनविली, आणि पुढे तिच्याच वंशातील ‘विजय सुपर’ लखनौहून आली. तिच्या गिअरपेटीत बारीक स्प्रिंगेने दाबलेल्या पोलादी गोळ्या असतात. बोट निसटले की गोळी पडवी ओलांडून अंगणात जाते. त्यावर अण्णांचे हत्यार म्हणजे एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. दोन्ही हात पिशवीत घालून आतल्या आत जोडावयाचे. गोळी उडाली तरी पिशवीतच.

अण्णा २०१६ साली वारले. पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरीत. पडवी पाडून तेथे खोली बांधावयाची ठरली. लोखंडाचा ढीग निघाला. त्यात चांगले पाने होते, ते कारागीर मित्रांनी आधीच नेले. राहिले ते हे. कोठे पट्टी, कोठे दात पाडलेला सॉकेट, लाकडाचे दांडके. ज्यास ठाऊक नाही त्यास ते भंगारच. पुतण्याचा यात काही दोष नाही. त्याने विचारले होते, ‘काका, यातले काही कामाचे आहे का?’ आणि आम्ही गावी नव्हतो. आम्ही परतलो तेव्हा हातगाडीवाला वजन करून गेला होता. त्याच्या मागे उद्यमनगराच्या भंगारबाजारापर्यंत गेलो आणि रिक्षाभर लोखंडातून हे निवडून आणले. वजनाच्या भावाने पुन्हा विकत घेतले. फ्लायव्हील धरण्याचा चामडी पट्टा, क्रँकवरून घर ढकलून काढण्याची दोन बोल्टांची पट्टी, आणखी चार-पाच वस्तू गेल्या त्या गेल्याच.

जे आणले त्यातलेही निम्मे आम्हास ओळखता येईना. अण्णांनी कशावर काही लिहिले नव्हते. त्यांस लिहिण्याची गरज नव्हती. शेवटी वहिनींस बसविले. त्यांनी आयुष्यात इंजिनास हात लावला नाही, पण प्रत्येक वस्तू आपल्या घरातील कशापासून झाली हे त्यांस पक्के स्मरत होते. ‘ही छत्रीची काडी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी मोडलेली.’ छत्रीची काडी म्हटल्यावर आम्हास आठवले की टोकास आकडा केलेल्या काडीने अण्णा किकची स्प्रिंग ओढीत. अशा रीतीने एकेक वस्तू लावली. प्रत्येकीस सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: काय, कशासाठी, कोणत्या गाडीसाठी, आणि काय करू नये.

आता कार्यकारी मंडळापुढे विनंती. आपल्या कार्यालयात भिंतीलगत एक काचेचे कपाट आहे, त्यात जुन्या ढाली आणि चषक आहेत. त्याचा खालचा एक खण आम्हास द्यावा. हा डबा तेथे राहील, सोबत एक वही. ज्यास हत्यार हवे त्याने सही करून न्यावे आणि परत करावे. आपल्या ज्ञातीतील अनेक घरी आजही वडिलांची, आजोबांची चेतक झाकून ठेवलेली आहे. विकवत नाही आणि चालतही नाही, अशी तिची स्थिती. कार्यकारिणीतील एका स्नेह्याने विचारले की, विजेच्या गाड्या आल्यावर या डब्यास कोण हात लावणार? लावणार नाही, असेही होईल. मग वही कोरी राहील. त्यात कागदाचा खर्च फारसा नाही. पण त्या झाकलेल्या गाड्यांपैकी एकीचा नट कोणी तरुण छिन्नीने ठोकण्यापूर्वी कार्यालयापर्यंत चालत आला, तर आमच्या अक्कास आम्ही काही तरी सांगू शकू. याच कारणास्तव आपल्या घरी, माळ्यावर, वडिलांच्या पेटीत अशी ओळख न पटणारी वस्तू असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायकांस दाखवावी, आणि जे कळेल ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे. वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

मेजावर सर्वांत उजवीकडे जी वस्तू आहे तिला चिठ्ठी नाही. वीतभर लांबीची सळई, एका टोकास आटे, दुसरे टोक चपटे करून त्यात बाजूने एक खाच. वहिनी सांगतात की ती त्यांच्या जुन्या प्रायमस स्टोव्हच्या पंपाची दांडी आहे, आणि ती १९९१ च्या दिवाळीत गेली. स्टोव्ह बंद पडल्याने फराळाचे चकलीचे पीठ शेजारी नेऊन तळावे लागले, म्हणून त्यांस वर्षासुद्धा स्मरते. अण्णांनी ती कशासाठी केली, हे आम्हास, उद्यमनगरातील त्यांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांस आणि एका नामांकित मेकॅनिकास विचारूनही कळले नाही. खाचेच्या आतल्या कडेवर झीज आहे. म्हणजे ती पुष्कळ वेळा वापरलेली आहे. चहापान आहे तोवर मंडळींनी येऊन ती हाताळून पाहावी. पात्यांस मात्र जपून हात लावावा. त्यांतील दोन अजून बोथट करावयाची राहिली आहेत.